जुन्या जावा-येझदीच्या फ्रेमला करवत लावावी का?

जुनी टाकी (धागाकर्ता)

अंगणात किंवा पार्किंगच्या कोपऱ्यात जुनी जावा वा येझदी उघडून, एकेक भाग साफ करून ती पुन्हा रस्त्यावर आणणाऱ्यांची संख्या आपल्याकडे वाढली आहे आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. गाडी हाती आली की आधी मागचे मडगार्ड काढायचे, सीटखालची फ्रेम कापून तिथे गोल वळवलेली नळी वेल्ड करायची, दोन्ही बाजूंच्या पेट्या काढून टाकायच्या, टाकीचे क्रोम घासून त्यावर काळा रंग मारायचा आणि तयार झालेल्या गाडीला ‘कॅफे रेसर’ म्हणायचे, असा जो पायंडा पडत चालला आहे, त्याला माझा विरोध आहे.

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून या गाड्या तयार होऊ लागल्या, सत्तरच्या दशकात त्यांच्या टाकीवर येझदी हे नाव आले आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. जावाचे नाव २०१८ मध्ये परत आले, पण ते पाण्याने थंड होणाऱ्या फोर-स्ट्रोक इंजिनावर. त्या गाडीचा भाग जुन्या गाडीला बसत नाही. म्हणजे जुन्या फ्रेम जेवढ्या उरल्या आहेत तेवढ्याच. शिवाय या गाडीची रचनाच अशी आहे की तिच्यातले काही बदलले तर तिचे वेगळेपण जाते. गिअरचा दांडा आत दाबून वर फिरवला की त्याचीच किक होते. गिअर टाकताना त्याच दांड्याने क्लच आपोआप सुटतो. सिलिंडर एकच असून सायलेन्सर मात्र दोन्ही बाजूंना दोन. मरून रंगाच्या टाकीवर क्रोमचा पट्टा कुठे संपतो आणि रंग कुठे सुरू होतो, त्या कडेवर हाताने ओढलेली बारीक रेघ एकदा जवळून पाहा. ती घासून काढायला दहा मिनिटे पुरतात. तशी रेघ पुन्हा ओढणारा पेंटर शोधायला किती दिवस लागतील, ते सांगता येत नाही.

म्हणून घरी काम करणाऱ्या प्रत्येकाने एक कसोटी लावावी, असे मला वाटते. नट-बोल्ट सोडवून जो बदल पुन्हा मूळ स्थितीत नेता येतो, तो खुशाल करावा. जो बदल कापल्याशिवाय किंवा वेल्डिंग केल्याशिवाय होत नाही, तो करू नये. या मतावर विरोधी प्रतिसादांचे विशेष स्वागत आहे.

वेगळी वाट

धागाकर्त्यांची तळमळ पोचली, पण भूमिका पटली नाही.

पहिला प्रश्न असा की मूळ म्हणजे कोणते मूळ? साठ वर्षे वापरलेली गाडी तीन-चार वेळा रंगलेली असते. तिचा कार्बोरेटर बदललेला असतो, मीटर दुसऱ्याच गाडीचे असते, सीट गावातल्या कुशनवाल्याने शिवलेली असते. अशा गाडीला आज बाजारात नव्याने पाडलेले मडगार्ड आणि नवे बिल्ले लावून ‘कारखान्यातून आली तशी’ करायचे, म्हणजे कधी नसलेली गाडी तयार करायची. हा बदल नव्हे काय?

दुसरे म्हणजे, गाडीत फेरफार करणे ही स्वतःच एक जुनी परंपरा आहे. लंडनच्या एस कॅफेभोवती पन्नास-साठच्या दशकांत जमणाऱ्या तरुणांनी नॉर्टनच्या फेदरबेड फ्रेममध्ये ट्रायम्फचे इंजिन बसवले आणि त्यातून ‘ट्रायटन’ जन्माला आली. त्या गाड्या आज जाणकार संग्राहक कौतुकाने जपतात. त्या वेळी प्रत्येकाने मूळ स्थितीचा आग्रह धरला असता, तर हा सगळा अध्यायच लिहिला गेला नसता. आणि इतक्या लांब तरी कशाला जायचे? सौराष्ट्रातल्या कारागिरांनी बुलेटचा पुढचा भाग घेऊन, त्याला डिझेल इंजिन आणि मागे हौदा जोडून छकडा हे तीनचाकी वाहन उभे केले. त्यावर खेड्यापाड्यांची वाहतूक चालली. त्या माणसांना आपण वारसा बिघडवणारे म्हणणार आहोत का?

तिसरा मुद्दा पैशांचा. चांगले क्रोम, टाकीचे काम आणि योग्य सुटे भाग यांचा खर्च कॉलेजातल्या मुलाला झेपत नाही. मडगार्ड आणि पेट्या सडून गेलेली गाडी त्याला स्वस्तात मिळते, तो ती कमी भागांत बसवतो आणि चालवतो. तुमची कसोटी लावली तर ती गाडी पुण्याच्या जुन्या बाजारात किलोवर जाईल.

उद्यमनगर

माझे काम बोअरिंग आणि लेथचे आहे. दोन्ही बाजूंचे लोक माझ्याकडे येतात, म्हणून थोडे कामाचे बोलतो.

फ्रेम कापण्याआधी लोक आणखी एक गोष्ट करतात, ती मला जास्त खटकते. एअर फिल्टरचा डबा काढून थेट कार्बोरेटरच्या तोंडावर कोन फिल्टर लावतात आणि सायलेन्सरमधली आवाज दाबणारी पुंगळी काढतात. या गाड्यांच्या टू-स्ट्रोक इंजिनात आत येणारी हवा, कार्बोरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र) आणि सायलेन्सरच्या आतली रचना यांचे गणित एकमेकांवर बेतलेले असते. हवा वाढली आणि जेट तोच राहिला, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडते. या इंजिनाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असल्याने पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी. पिस्टन तापून फुगतो, सिलिंडरला घासतो आणि इंजिन जाम होते. अशा गाडीचा पिस्टन माझ्याकडे येतो, तेव्हा एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे असतात आणि रिंगा खाचेत चिकटलेल्या असतात. मालक सांगतो, की तेल हलके होते.

क्रँकेस (पिस्टनने फिरणारा दांडा, म्हणजे क्रँक, ज्यात बसतो ती पेटी) जोडताना क्रँकची ऑइल सीले नवी टाकली नाहीत तरी हाच परिणाम होतो, कारण तिथूनही बाहेरची हवा ओढली जाते. तेव्हा रंग आणि क्रोम यांवरच्या वादाआधी प्रत्येकाने ती दोन रबरी सीले बदलावीत, अशी माझी विनंती आहे.

घरी काय करावे आणि काय करू नये, हेही सांगतो. इंजिन उतरवणे, हेड-सिलिंडर काढणे, क्लचप्लेट बदलणे, वायरिंग नव्याने ओढणे, हे सगळे घरी उत्तम होते. रोटर काढायला पुलर वापरावा; पाना अडकवून उपटू नये. क्रँक मात्र घरी हातोड्याने उघडू नये. कनेक्टिंग रॉड बदलताना क्रँक प्रेसवर उघडून पुन्हा दाबावा लागतो आणि मग डायल गेज लावून शतांश मिलिमीटरमध्ये सरळ करावा लागतो. तो वाकडा राहिला तर गाडी सुरू होते, पण हँडल आणि फुटरेस्ट थरथरतात आणि बेअरिंगे लवकर जातात.

फ्रेम कापण्याविषयी एवढेच म्हणेन, की मागच्या शॉकअॅब्सॉर्बरचा वरचा टेकू ज्या भागावर आहे त्याच्या आसपास हौशी वेल्डिंग अजिबात नको. वरून गुळगुळीत घासून, पुट्टी भरून रंगवलेला जोड आतून किती धरला आहे, ते मलाही नुसते पाहून कळत नाही.

अजिंक्यतारा

मी येझदीची रोडकिंग चालवते आणि तिची बहुतेक कामे घरीच करते. धागाकर्त्यांची कसोटी मला मान्य आहे. तरीही मूळ स्थितीच्या आग्रहात एक अडचण आहे, ती मांडते.

आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. या गाड्या तयार झाल्या तेव्हा त्यांचे रबर त्या मिश्रणासाठी बनवलेले नव्हते. पेट्रोलची नळी मऊ पडते, नळाचे वॉशर फुगतात, आणि इथेनॉल ओलावा ओढून घेत असल्याने गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर टाकीला आतून गंज धरतो. म्हणून सीले आणि वॉशर व्हायटॉनचे (इंधनाला टिकणाऱ्या रबराचे) टाकावेत, नळी नव्या प्रतीची घ्यावी आणि पावसाळ्यात गाडी फिरवणार नसाल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवावा. जुन्या जावाच्या सहा व्होल्टच्या दिव्यावर रात्री महामार्गावर जाणेही मला धोक्याचे वाटते. बारा व्होल्टची व्यवस्था आणि पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवून काढलेले भाग चिठ्ठी लावून डब्यात जपून ठेवता येतात. मी हँडलही बदलले आहे, कारण मूळ हँडलवर माझे खांदे भरून येत होते. गाडी कारखान्याने केली तेव्हा माझ्या उंचीच्या बाईचा विचार त्यात नसणार, आणि गाडी चालवणारी मी आहे.

वेगळी वाट

अजिंक्यतारा, तुमच्या प्रतिसादाने माझाच मुद्दा बळकट होतो. दिवा आणि हँडल सुरक्षेसाठी बदलायचे, तर ब्रेक का नको? टू-स्ट्रोक इंजिनाचे ब्रेकिंग नावापुरतेच असते, आणि आंबा घाट उतरताना सगळा भार ड्रमवर येतो. पुढे डिस्क ब्रेक बसवायचा तर दुसऱ्या गाडीचा फोर्क घ्यावा लागतो आणि तो बसवताना स्टिअरिंगपाशी काही ना काही कापणे-वेल्डिंग आलेच. जीव वाचवणारा हा बदल धागाकर्त्यांच्या कसोटीत नापास होतो.

उद्यमनगर

ब्रेकविषयी अनुभवाचे सांगतो. ‘ड्रम धरत नाही’ म्हणून येणाऱ्या गाड्यांमध्ये ड्रम बहुतेकदा अंडाकृती झालेला असतो आणि लायनर काचेसारखे गुळगुळीत झालेले असतात. ड्रम लेथवर सारखा करून घेतला, नवे लायनर चिकटवून त्याच्या मापाला घासले आणि ब्रेकचा खिळा मोकळा केला, की त्याच ब्रेकचा फरक मालकाला पहिल्या वळणावर कळतो. डिस्कइतका तो होणार नाही, पण या गाडीच्या वेगाला पुरतो. घाट उतरताना अधूनमधून क्लच दाबून थ्रॉटल थोडा उघडावा, म्हणजे पेट्रोलबरोबर तेलही आत जाते. लांब उतारावर थ्रॉटल बंद ठेवून उतरणे या इंजिनाला मानवत नाही.

कागदोपत्री

चर्चेत कायद्याचा उल्लेख अजून आला नाही, म्हणून लिहितो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातले तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा फेरफार करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हीच भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२ अ प्रमाणे प्रत्येक बेकायदा फेरफाराला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. कापलेली फ्रेम तपासणीत दिसली तर पुनर्नोंदणीही अडते.

त्याखेरीज २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेली दुचाकी त्यांत येते, पण अट अशी की गाडी मूळ रूपात राखलेली असावी आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे चालते. साठच्या दशकातली जावा आजच या वयात बसते. तिची फ्रेम कापणारा मालक हा मार्ग स्वतःच्या हाताने बंद करतो.

वेगळी वाट

कायद्याची माहिती उपयुक्त आहे. मात्र त्याच व्हिंटेज नोंदणीवर गाडी रोजच्या वापराला चालवता येत नाही, हेही सांगायला हवे. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येऊ शकते. मला गाडी चालवण्यासाठी हवी आहे.

तरीही एवढे मान्य करतो, की कागद शाबूत असलेली, पेट्या-मडगार्डसकट मिळालेली गाडी कापणे चुकीचे आहे. माझे म्हणणे उरते ते अर्धवट सांगाड्यांपुरते. ज्यावर काहीच उरलेले नाही, त्या सांगाड्याची कारागिराने स्वतःच्या कल्पनेची गाडी केली तर मी त्याच्या बाजूने आहे, आणि ती रस्त्यावर न आणता फक्त मोकळ्या मैदानात चालवली तरी आहे.

जुनी टाकी (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. अजिंक्यतारा यांनी सांगितलेले सगळे बदल मला मान्य आहेत. त्यांनी काढलेले भाग डब्यात ठेवले आहेत, तेवढ्यानेच माझे समाधान होते.

‘वेगळी वाट’ यांच्या ट्रायटनच्या दाखल्याविषयी मात्र मतभेद कायम आहे. त्या काळी नॉर्टन आणि ट्रायम्फ दोन्ही कारखाने चालू होते, शोरूममध्ये नव्या गाड्या होत्या आणि भाग हवे तेवढे मिळत होते. एक फ्रेम कापली तर दुसरी येत होती. छकडा पोटासाठी झाला. त्याची आणि हौसेच्या कापाकापीची तुलना मला पटत नाही. अर्धवट सांगाडाही निरुपयोगी नसतो. त्याचा स्विंगआर्म, त्याचे हब, त्याचे स्टँड दुसऱ्या कुणाच्या गाडीला लागते. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा दिनाला गाड्या जमतात, तेव्हा लोक नेमके हेच भाग एकमेकांकडे मागत असतात. पैशांचा मुद्दा रास्त आहे. त्यावर माझे उत्तर एवढेच, की क्रोम आणि रंग नंतर करावा. गंज घासून, प्रायमर मारून, इंजिन नीट करून गाडी खुशाल चालवावी. साधी राहिलेली गाडी पुढे पूर्ण करता येते.

नवी किक

मी कॉलेजात शिकतो आणि घरची १९७२ ची जावा उघडायला घेतली आहे. फ्रेम कापणार नाही. गंज खूप असल्याने सँडब्लास्ट (वाळूचा मारा) करून पावडर कोटिंग (भट्टीत पक्का केलेला पावडरचा थर) करावे, असा सल्ला मिळाला आहे. तो योग्य आहे का?

उद्यमनगर

करा, पण फ्रेम देण्याआधी स्टिअरिंगच्या नळीजवळचा चॅसी नंबर ब्रशने साफ करून त्याचा उजेडात फोटो काढा, आणि त्यावर कागद धरून पेन्सिलने ठसा घ्या. आरटीओतही तपासणीला असाच ठसा घेतात. मग त्या जागेवर जाड टेप दोन-तीन थर लावून ब्लास्टिंगवाल्याला समोर उभे राहून दाखवा. जुन्या फ्रेमवरचे आकडे खोल नसतात. वाळूच्या माऱ्याने ते पुसट होतात आणि वरून पावडरचा जाड थर बसला की उरलेलेही बुजतात. नंबर वाचता आला नाही तर पुनर्नोंदणीला फार त्रास होतो. पावडर कोटिंगपूर्वी ब्लास्ट झालेली फ्रेम घरी आणून सगळे जोड भिंगाने बघा. बारीक तडा तेव्हाच दिसतो. नंतर झाकला जातो. त्या जागी साधा रंग असला तर पुढे निदान रंग फुटून कळते. पावडर चिवट असल्याने ती तडा बराच काळ लपवते. इंजिनाचा नंबर ज्या जागी ठोकलेला आहे, तिथे बफिंगवाल्याचा हात अजिबात लागू देऊ नका.