विषय : नोकरी सांभाळून घोडेस्वारी शिकवायची आहे

मंडळी, नमस्कार.
इथे ब्रिटनमध्ये आल्यावरही माझी रविवारची घोडेस्वारी सुटलेली नाही. आता आठवड्यातून एक दिवस नवशिक्यांना शिकवावं असं मनात आहे. नोकरी मात्र सोडायची नाही. प्रमाणपत्र कुठलं घ्यावं, आणि पूर्णवेळ कोर्स न करता ते मिळतं का? या वाटेने कुणी गेलंय का?

उत्तर :
ताई, नमस्कार.
मिळतं. शिकवायला कायद्याने प्रमाणपत्र लागतंच असं नाही, पण त्याशिवाय चांगलं रायडिंग स्कूल उभं करणार नाही. इथे चलती ब्रिटिश हॉर्स सोसायटीच्या परीक्षांची. स्टेज १ मध्ये घोड्याची निगा आणि स्वारी, शिकवण्याची परीक्षा स्टेज २ ला. तेवढं झालं की तुम्ही फाउंडेशन कोच. परीक्षेचे भाग सुटे देता येतात, त्यामुळे नोकरीवाल्यांना जमतं.

तुमची मांड पक्की असणारच. हौशी स्वार अडतात ते तबेल्यात. तासाचे पैसे भरणाऱ्याला घोडा खोगीर चढवून तयार मिळतो. परीक्षक मात्र खरारा करायला लावतो, खुरं साफ करायला लावतो, खोगीर नीट बसलंय का, चारा एवढाच का, असं खोदून विचारतो. घोड्याला लांब दोरीवर गोल फिरवणं, म्हणजे लंजिंग, तर हाताला वळण पडल्याशिवाय येतच नाही. तेव्हा आधी एखाद्या तबेल्यात शनिवारी कामाला लागा. अपंगांना घोडेस्वारी शिकवणाऱ्या 'रायडिंग फॉर द डिसेबल्ड असोसिएशन'चं काम मुख्यतः स्वयंसेवकांवर चालतं, तिथेही जाऊन पाहा. घोडा धरून चालताना कोच कधी बोलतो आणि कधी गप्प बसतो हे कळतं. "टाचा खाली!" असं ओरडणारे पुष्कळ भेटतील. विद्यार्थी गुडघ्यांनी खोगीर आवळून धरतोय म्हणून टाच वर जातेय, हे ओळखणारे थोडे. (हे माझं मत, पण पक्कं.)

शिवाय प्रथमोपचार, सेफगार्डिंग (मुलांच्या आणि दुर्बल व्यक्तींच्या सुरक्षिततेचं प्रशिक्षण), विमा आणि डीबीएस, म्हणजे गुन्हेगारी नोंदींची तपासणी, हेही लागतं. स्कॉटलंडमध्ये डीबीएसऐवजी पीव्हीजी. घोडे भाड्याने देऊन शिकवायचं तर इंग्लंडमध्ये २०१८ च्या नियमांनुसार कौन्सिलचं लायसन्स लागतं. लोकांना त्यांच्याच घोड्यावर शिकवलंत तर ते लागत नाही.

उत्तर :
एक राहिलं. ताई, व्हिसा कुठला? स्किल्ड वर्कर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर स्वतःचा व्यवसाय करता येत नाही. डिपेंडंटला, म्हणजे अशा व्हिसाधारकाच्या जोडीदाराला येतो, पण व्यावसायिक खेळाडू किंवा क्रीडा प्रशिक्षक म्हणून काम करायला त्यात मनाई असते. शनिवारची शिकवणी त्यात मोडते का, हे पहिली फी घेण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. कराचं त्यामानाने सोपं आहे, व्यवसायातली वर्षाला १००० पाउंडांपर्यंतची मिळकत ट्रेडिंग अलाउन्समध्ये, म्हणजे करमाफीत बसते.

उत्तर :
दोघांचे आभार. आयएलआर (इथे कायम राहण्याची परवानगी) आहे, त्यामुळे व्हिसाची काळजी नाही. लंजची दोरी मात्र कधी हातात धरलेली नाही. आमच्या रायडिंग स्कूलला शनिवारी मदतनीस हवाय, आजच फोन करते. स्टेज १ ची तयारी कुणाबरोबर करता आली तर बरं, आणखी कुणी इच्छुक असेल तर कळवा.