रक्तवाहिन्यांची 'वाढ', 'जनन' की 'फुटवा'?

विचारणा : परळमधील एका रुग्णालयात वंध्यत्वावर उपचार घेणाऱ्या जोडप्यांसाठी मी माहितीपत्रक तयार करत आहे. एका प्रकरणाला मी 'अंडाशयातील रक्तवाहिन्यांच्या वाढीवर संप्रेरकांचे नियंत्रण' असे शीर्षक दिले होते. तपासणाऱ्या ताईंनी 'वाढ' खोडून 'रक्तवाहिनीजनन' केले. मला दोन्ही शब्द खटकतात.

उत्तर : खटकणे योग्यच आहे. 'वाढ' म्हटले की आहे तीच वाहिनी लांब-रुंद झाली असे वाटते, आणि 'जनन' म्हटले की जिथे काहीच नव्हते तिथे ती उपजली असे. गर्भावस्थेत मूळ पेशींपासून पहिल्या रक्तवाहिन्या घडतात, तिथे 'जनन' शोभते. अंडाशयात मात्र असलेल्या केशवाहिनीच्या भिंतीतून नवी शाखा निघते, आणि अशा क्रियेला भात-ऊस लावणाऱ्यांनी केव्हाच शब्द देऊन ठेवला आहे : फुटवा.

पुटिका, म्हणजे अंडपेशी जिच्यात पिकते ती अंडाशयातली पिशवी, वाढत असताना रक्तवाहिन्या तिच्या बाहेरच्या आवरणातच असतात. आतल्या कणपेशींच्या थरात, मधल्या पातळ पटलामुळे, त्या शिरत नाहीत. पीतपिंडकारी संप्रेरकाची (एलएच) पातळी एकदम उसळली की कणपेशी व्हीईजीएफ हे वाहिन्यांना फुटवे आणणारे प्रथिन अधिक प्रमाणात स्रवतात, पटल विरते, आणि अंडमोचनानंतर, म्हणजे अंडपेशी बाहेर पडल्यावर, बाहेरचे फुटवे आत घुसून काही दिवसांतच पीतपिंडात (मागे उरलेल्या पुटिकेपासून बनणाऱ्या पिवळ्या ग्रंथीत) इतके दाट जाळे विणतात, की प्रौढ शरीरातील फार थोड्या ऊतींना एवढे रक्त मिळत असेल. पीतपिंड बनवतो त्या प्रोजेस्टेरॉनसाठी (गर्भ टिकवणाऱ्या संप्रेरकासाठी) लागणारे कोलेस्टेरॉल मुख्यतः रक्तातूनच येते, म्हणून ही घाई. (संस्कृतात 'पीत' म्हणजे पिवळे, तसेच प्यालेलेही. नाव ठेवणाऱ्यांच्या मनात रंगच होता, पण योग छान जुळला आहे.)

विचारणा : आभारी आहे. पण शहरातल्या रुग्णांना 'फुटवा' कळेल का? आणि 'नियंत्रण' ठेवावे का?

उत्तर : परळ-लालबागच्या ज्या घरांचे एक पाऊल अजून कोकणात किंवा घाटावर आहे, त्यांना भाताचा फुटवा समजावून सांगावा लागणार नाही, इतरांसाठी पहिल्या वेळी 'नव्या शाखा' असा खुलासा पुरेल.

'नियंत्रण' मात्र काढा. मुंबईच्या जुन्या पिढीला 'कंट्रोल' म्हटले की रेशनची रांग आठवते, म्हणजे अर्थ आवर घालण्याचाच. इथे संप्रेरक फुटव्यांना चालना देते, पुढे जाळ्याला आधार देते, आणि तो आधार सुटला, म्हणजे गर्भधारणा झाली नाही, की अंडमोचनापासून सुमारे 14 दिवसांत पीतपिंड ओसरतो. झाली, तर गर्भाकडून येणारे एचसीजी हे संप्रेरक त्याला टिकवून धरते. या साऱ्याला 'नियमन' हाच शब्द पुरा पडतो.

एका जागी तेवढा 'फुटवा' वापरू नका. उपचारांत अंडाशय अतिउद्दीपित होऊन एचसीजीच्या इंजेक्शननंतर पोटात पाणी साचते, त्यामागेही व्हीईजीएफच असते. परंतु तिथे मुख्य बिघाड वाहिन्या झिरपू लागण्याचा असतो, तेव्हा 'पाझर' लिहा. 1983 मध्ये हे प्रथिन प्रथम ओळखले गेले, तेही वाहिन्या पाझरवणारा घटक म्हणूनच. फुटव्याशी जोडलेले नाव त्याला नंतर मिळाले.