शब्दचर्चा : निष्पाप, पापरहित की पापमुक्त?

राजवाडा (इंदूर)
एका इंग्रजी पुस्तिकेच्या मराठी अनुवादात हा प्रश्न आहे : ‘ख्रिस्ती माणूस निष्पाप जीवन जगू शकतो का?’ व्याकरण ठीक आहे, पण ‘निष्पाप’ खटकतो. तो वाचला की पाळण्यातलं बाळ डोळ्यांपुढे येतं, नाहीतर पेपरातले ‘निष्पाप बळी’. पापरहित, पापमुक्त, दोषमुक्त, यांतला कोणता लावावा?

छावणी (इंदूर)
पुस्तिकेत कोणत्या वचनाचा आधार घेतलाय ते आधी बघा, शब्द त्यावर ठरेल. इब्री ४:१५ (बायबलमधल्या इब्री लोकांस पत्राचा चौथा अध्याय, पंधरावी ओवी) ख्रिस्ताविषयी आहे. तिथे ग्रीकमध्ये ‘पापावाचून’ असं आहे, म्हणजे ‘निष्पाप’ चालेल. रोमकरांस ६:१८ मध्ये मात्र चित्र गुलामाचं आहे : जुन्या धन्याच्या हातून सुटला, नव्या धन्याचा झाला. तिथे ‘निष्पाप’ लावलात तर अर्थच बदलतो. सुटलेल्या गुलामाला जुना धनी हाक मारू शकतो, तो फक्त आता मालक नाही. तिसरं १ योहान ३:९. तिथे ना विशेषण आहे ना गुलाम, नुसतं क्रियापद : देवापासून जन्मलेला ‘पाप करत नाही’.

कोशवाला (इंदूर)
त्याआधी मराठी ‘पाप’ तपासा की. आपल्याकडे पाप लागतं, घडतं, फेडावं लागतं, धुतलं जातं, त्याचा घडा भरतो. सगळा हिशेब खात्याचा, एका बाजूला पाप, दुसऱ्या बाजूला पुण्य. त्यामुळे मराठी कानाला ‘पापमुक्त’ म्हणजे खातं कोरं झालं असंच ऐकू येतं. रोमकरांस पत्र लिहिणाऱ्या पौलाने त्याच्या सहाव्या अध्यायात पाप बहुतेक एकवचनी आणि राज्य करणारं दाखवलंय. असल्या धन्याला ‘फेडलं’ म्हणून कसं चालेल? अर्थात खात्याची भाषा बायबलला परकी नाही. मत्तय ६:१२ मधल्या प्रार्थनेत ‘ऋणे’ आहेत, लूक ११:४ मध्ये त्याच जागी ‘पापे’.

राजवाडा
आणि पाप म्हणजे मुळात ‘नेम चुकणे’, हे जे सगळीकडे सांगतात ते?

छावणी
खरं आहे, पण अर्धं. ग्रीक ‘हमार्तिया’ आणि हिब्रू ‘खाता’ या दोघांच्या मुळाशी चुकणं आहे. जुन्या करारातल्या शास्ते या पुस्तकात, २०:१६ मध्ये, बन्यामीन वंशाचे ७०० डावखुरे गोफणवाले येतात. केसाचा नेम धरला तरी धोंडा चुकायचा नाही. तिथलं ‘चुकणे’ आणि इतरत्र ‘पाप करणे’ हे हिब्रूत एकच क्रियापद आहे. गडबड होते ती पुढे. एवढ्या एका व्युत्पत्तीवर प्रवचन उभं केलं की पाप ‘चूक’ होऊन बसतं, आणि चूक काय, सरावाने सुधारते! हिब्रूत आणखी दोन शब्द आहेत : ‘पेशा’ म्हणजे बंड आणि ‘आवोन’ म्हणजे वाकडेपणा. स्तोत्र ३२ च्या पहिल्या दोन ओळींत हे तिन्ही शब्द लागोपाठ येतात. अनुवादकाने तिथे तिन्ही ठिकाणी ‘पाप’ लिहिलं तर वाचकाला फरक दिसतच नाही.

एम. जी. रोड (इंदूर)
‘दोषमुक्त’ मुळीच नको. आपल्याकडच्या हिंदी कोर्टभाषेत ‘दोषमुक्ति’ म्हणजे खटला चालून निर्दोष सुटणं. महाराष्ट्रातल्या मराठीत ‘दोषमुक्तीचा अर्ज’ करतात तो आरोप निश्चित होण्याआधी खटल्यातून वगळण्यासाठी. त्याला हिंदीत ‘उन्मोचन’ म्हणतात. पुस्तिका पुण्यात आणि इंदुरात दोन्हीकडे वाचली जाणार असेल तर एकाच शब्दाचे दोन निकाल लागतील. रोमकरांस ६:७ मध्ये मात्र मूळ क्रियापद कोर्टाचंच आहे, ‘नीतिमान ठरवणे’. मराठी अनुवादांत तिथे बहुधा ‘मुक्त’ येतं.

राजवाडा
१ योहानावर अडलोय. १:८ म्हणतं, आपल्यात पाप नाही असं म्हणालो तर स्वतःलाच फसवतो. ३:९ म्हणतं, पाप करत नाही, करूच शकत नाही. पुस्तिकेत दुसरं ‘पाप करत राहत नाही’ असं केलंय.

छावणी
हा तोडगा रूढ आहे. ३:९ मध्ये वर्तमानकाळ आहे, तो चालू राहणारी क्रिया दाखवतो, म्हणून ‘करत राहत नाही’. २:१ मध्ये ‘कोणी पाप केले तर’ आहे तिथे एकदाच घडलेल्या क्रियेचं रूप आहे, त्यामुळे जोड बसते. पण नुसत्या काळावर भार टाकू नका. ५:१६ मध्ये ‘आपला भाऊ पाप करताना’ दिसतो, तिथेही तेच चालू रूप आहे आणि तो माणूस भाऊच आहे! म्हणून काही अभ्यासक ३:४ कडे बोट दाखवतात. तिथे पापाची व्याख्या ‘अनोमिया’ अशी आहे, नियमच न जुमानणं. म्हणजे ३:९ मध्ये नाकारलेलं पाप ते, प्रत्येक ठेच नव्हे.

कोशवाला
शिवाय आपल्या इंदुरी कानाला ‘करून राहिलाय’ म्हणजे हिंदीतलं ‘कर रहा है’. ‘करत राहत नाही’ हे वाचून कोणी ‘सध्या करत नाहीये’ असंही घेईल. मूळ मजकुरात ‘पाप करत नाही’ ठेवावं आणि चर्चा तळटीपेत न्यावी.

फत्तेगंज (बडोदा)
आमच्याकडे मेथडिस्ट परंपरा, म्हणून एवढं सांगतो. या पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली, त्याची पापाची व्याख्या अरुंद होती : माहीत असलेल्या आज्ञेचं जाणूनबुजून उल्लंघन म्हणजे खरं पाप. या व्याख्येने याच आयुष्यात पापाशिवाय राहणं शक्य आहे असं तो म्हणे, पण अज्ञान, चूक, दुबळेपणा सुटत नाही, त्यांनाही ख्रिस्ताच्या प्रायश्चित्ताची गरज आहेच, हेही सांगे. अशा जगण्याला तो ‘पूर्णता’ म्हणे, पण ‘निष्पाप पूर्णता’ हा शब्दप्रयोग त्याने मुद्दाम टाळला. ‘पूर्ण’साठीचा ग्रीक ‘तेलेयोस’ मत्तय ५:४८ मध्ये आहे, आणि इब्री ५:१४ मध्ये त्याच शब्दाला मराठीत ‘प्रौढ’ म्हणतात. ‘पूर्ण’ ऐकून जो दचकतो त्याला ‘प्रौढ’ दाखवावं.

छावणी
इंदुरात मिशन कॅनडाच्या प्रेस्बिटेरियनांचं (हा दुसरा प्रोटेस्टंट पंथ) होतं, त्यामुळे इथल्या जुन्या शिकवणीत व्याख्या रुंद. त्यांच्या १६४७ च्या वेस्टमिन्स्टर प्रश्नोत्तरीत आज्ञेशी तंतोतंत न जुळणं हेही पापच, आणि आदामाच्या पतनानंतर कोणी निव्वळ माणूस (म्हणजे ख्रिस्त सोडून) या आयुष्यात आज्ञा पुऱ्या पाळू शकत नाही, तो रोज विचाराने, शब्दाने, कृतीने मोडतो. म्हणजे वेस्ली ‘हो’ म्हणतो आणि हे ‘नाही’ म्हणतात, पण निम्मा वाद ‘पाप’ कशाला म्हणायचं याचाच आहे. कॅथलिकांकडे ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४७ मध्ये ठरवलं की देवाच्या खास कृपेवाचून आयुष्यभर लहान पापंसुद्धा टाळणं कोणाला जमत नाही. अपवाद मरियेचा. तिच्यासाठी मराठीत ‘निष्कलंक’ हा शब्द वापरतात.

कोशवाला
‘मुक्त’बद्दल घरचंच उदाहरण घ्या. २०२२ मध्ये इंदूरला कचरामुक्त शहराचं सात तारे मानांकन मिळालं. म्हणून कोणाच्या घरी कचरा व्हायचा थांबला का? तो रोज होतो, सहा प्रकारांत वेगळा होतो, गाडी येते, उचलला जातो. ‘मुक्त’ म्हणजे साचत नाही, राज्य करत नाही. १ योहान १:७ मधलं ‘शुद्ध करते’ हेही चालू वर्तमानातच आहे.

फत्तेगंज
उदाहरण झकास, पण ते वर लिहिणाऱ्या ‘छावणी’च्या बाजूचं झालं. वेस्लीवाला म्हणेल, जाणूनबुजून केलेला कचरा बंदही होऊ शकतो.

राजवाडा
मग प्रश्न असा करतो : ‘ख्रिस्ती माणूस पापाच्या सत्तेतून मुक्त होऊन जगू शकतो का?’ लांब आहे, पण खातं कोरं झाल्याचा भास होत नाही.

छावणी
पुस्तिकेचा आधार रोमकर ६ असेल तर हेच ठेवा. १ योहान असेल तर ‘पाप न करता जगू शकतो का?’ असं सरळ क्रियापद घ्या. आणि आत कुठे ‘निष्पाप’ राहिलाय का ते एकदा शोधून बघा, शीर्षक बदललं की पोटातलं तसंच राहून जातं.