मणक्यातलं स्टेरॉइडचं इंजेक्शन: वर्षभरानंतर हाती काय उरतं?

शंकासुर:
मणक्यांमधली गादी सरकून नस दाबली गेली, पायात कळ जाते, की जो तो सांगतो, "इंजेक्शन घे, ऑपरेशन टळेल." माझ्या मते ही निव्वळ उसनवारी. कॅनडात १९९७ साली सायटिकाच्या, म्हणजे याच पायात जाणाऱ्या कळेच्या, १५८ रुग्णांवर झालेला प्रयोग बघा. निम्म्यांना स्टेरॉइड, म्हणजे सूज उतरवणारं औषध, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. सुरुवातीला स्टेरॉइडवाल्यांचा पाय थोडा कमी दुखला. तीन महिन्यांनी फरक संपला, आणि वर्षाच्या आत ऑपरेशन झालेले दोन्हीकडे साधारण पाव हिस्सा!

एक पाय आखडता:
मी घेतलंय. एक्स-रेच्या मशीनखाली पालथा झोपलो, औषध आत जाताना नेहमीचीच कळ थेट अंगठ्यापर्यंत सणकली. डॉक्टर म्हणाले, "हीच ना? मग जागा बरोबर." त्याआधी तीन आठवडे खुर्चीत बसून रात्री काढल्या होत्या. चौथ्या दिवशी आडवा झोपलो. वर्षभराने फरक दिसत नाही, कारण तोवर मिठाच्या पाण्यावालेही बरे झालेले असतात. बाहेर आलेला गादीचा तुकडा बऱ्याचदा शरीरच हळूहळू जिरवतं. प्रश्न मधल्या महिन्यांचा आहे हो.

शंकासुर:
झोप लागली, आनंद आहे. पण सरासरी बघा. वैद्यकीय चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२० मध्ये २५ चाचण्या एकत्र तपासल्या: पायाचं दुखणं ० ते १०० गुणांत मोजलं तर जेमतेम ५ गुणांचा फरक, तोही थोड्याच काळापुरता. शिवाय अमेरिकेत औषधांना मान्यता देणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने मणक्यातल्या या वापराला मान्यता दिलेली नाही. उलट २०१४ मध्ये क्वचित पक्षाघात, अंधत्व, मृत्यूही होऊ शकतो असा इशारा दिला.

मधली फळी:
सरासरीत सगळे एकाच मापाने मोजले जातात. नुसती कंबर धरलेल्याला याचा फारसा उपयोग नाही, पायात कळ जाणाऱ्याला होऊ शकतो. २००० सालच्या एका प्रयोगात ५५ जण होते, सगळे ऑपरेशनच्या उंबरठ्यावर. इंजेक्शनमध्ये तेवढी जागा बधिर करणाऱ्या भुलीच्या औषधासोबत स्टेरॉइड मिळालेल्या २८ पैकी ८ जणांनी ऑपरेशन केलं, नुसती भूल मिळालेल्या २७ पैकी १८ जणांनी.

शंकासुर:
पुढचं सांगायचं राहिलं. ज्यांचं टळलं त्यांना पाच वर्षांनी पुन्हा तपासलं, तेव्हा बहुतेकांचं टळलेलंच होतं. नुसत्या भुलीवाल्यांचंसुद्धा! मग श्रेय औषधाला द्यायचं की कॅलेंडरला?

एक पाय आखडता:
कॅलेंडरलाच द्या. पण ती पानं उलटेपर्यंत माणसाने झोपायचं कुठे, खुर्चीत?

मधली फळी:
मधुमेह असेल तर आधी सांगा, साखर काही दिवस चढते. आणि पायाचा पंजा उचलता येईना, लघवी अडली किंवा जांघेत बधिरपणा आला, तर इंजेक्शन की ऑपरेशन हा वाद घालत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

शंकासुर:
हे मान्य. पण पहिल्याने काडीचा फरक पडला नाही तरी दुसरं, मग तिसरं टोचून घेणाऱ्यांचं काय? त्यावर अजून कोणी बोललं नाही.