सुपरवायझर केलेल्या माणसाला परत मशीनवर कसं पाठवावं?

राजेहो, मदत हवी आहे. दारव्हा तालुक्यात माझी डाळ मिल आहे. 6 माणसांवर सुरू केली, आता 22 झाले. 20 च्या वर गेल्यानं पीएफही लागला, ते सीए पाहतो. अडचण वेगळीच. मशीनवर एक नंबर हात असलेल्या सगळ्यात जुन्या भाऊले मीच सुपरवायझर केलं. पण तो कोणाला काम सांगतच नाही. परवा तुरीची गाडी लागली, पोरं मोबाईलवर अन् हा पन्नास किलोचं पोतं स्वतः खांद्यावर घेऊन! म्हणे, "सांगण्यापरीस करून टाकलेलं बरं." जानेवारीत नवी तूर आली की हे झेपणार नाही. पगार तोच ठेवून मशीनवर परत पाठवू, की अजून थोडा वेळ देऊ? रोज पानठेल्यावर भेट होते, त्याचा मान जायला नको. कोणी असं निभावलं आहे का?