आठ इंची दुर्बिणीतून एनजीसी १३६५ या दीर्घिकेचा दांडा दिसतो का?

रात्रपाळी: अमावास्येला वांगणीला डॉब (डॉब्सोनियन, आरशाची दुर्बीण) लावला होता. एनजीसी १३६५ सापडली, पण फोटोत गाभ्यातून जाणारा तो ताऱ्यांचा आडवा दांडा असतो ना, तो काही दिसेना. नुसता कापसाचा बोळा! आरसा धुवायला काढू का?

जुनाभिडू: आरशाला हात लावू नकोस बाबा. फोर्नॅक्स तारकासमूहातली ही दीर्घिका आपल्याकडे फार फार तर ३५ अंश वर येते, खालची धूळ आडवी येणारच. डिसेंबरात रात्री दहाच्या सुमारास बघ, आणि तिरक्या नजरेने, म्हणजे थेट तिच्याकडे न बघता जरा बाजूला बघत. दांडा साधारण पूर्व-पश्चिम आहे.

खगोलकाकू: दांडा नुसता शोभेचा नाही हं. त्याच्यामुळे वायू गाभ्याकडे ओढला जातो, तिथे नवे तारे जन्मतात. मध्यात सुमारे २० लाख सूर्यांच्या वजनाचं कृष्णविवर. साडेपाच-सहा कोटी प्रकाशवर्षांवरून बोळा दिसला, हेच खूप! २०१२ मध्ये तिथे सुपरनोव्हाही (ताऱ्याचा स्फोट) दिसला होता.

रात्रपाळी: काल परत गेलो. तिरकं बघितलं आणि दिसला! बोळा दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून ओढल्यासारखा. दीर्घिकेचे सर्पिल हात मात्र अजून दिसले नाहीत.

जुनाभिडू: त्याला बारा इंची लागेल. बायकोला आत्ताच सांगू नकोस.