मनापासून स्वयंसेवी काम करायचंय, पुण्यात जावं कुठे? (मदत हवी आहे)

पाऊलवाट: तीन महिने शोधतेय, आता वैताग आलाय. एका संस्थेत गेले तर टी-शर्ट दिला, बॅनर धरून फोटो काढले, अकराला नाश्ता आणि 'या परत'. लावलेल्या रोपांना उद्यापासून पाणी कोण घालणार विचारलं, तर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मला देणगी द्यायची नाही, दर आठवड्याला जाऊन काम करायचंय. लवकर सांगा.

रानवारा: पुण्यात कुठे? वेळ कधी असतो? शिकतेस की नोकरी?

आबा_सातारकर: एनएसएससारखं (राष्ट्रीय सेवा योजना) दुसरं काही नाही. वर्षाला १२० तास आणि सात दिवसांचं शिबिर. आम्ही गावात शोषखड्डे खणले होते, हाताला फोड आले. कॉलेजात कार्यक्रम अधिकाऱ्यांना भेट.

पाऊलवाट: काका, कॉलेज संपून सहा वर्षं झाली. कोथरूडला राहते, नोकरी आहे, शनिवार-रविवार सुट्टी.

करसल्ला: देणगी दिलीत तर करसवलतीची पावती नक्की मागून घ्या.

रानवारा: अहो, तिला देणगी द्यायचीच नाहीये!

मुक्ता_क: अंध विद्यार्थ्यांची लेखनिक हो. चार वर्षं करतेय मी. त्यांना तासाला वीस मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तास. सांगतील तेच लिहायचं, पदरचा एक शब्द घालायचा नाही. पहिल्याच पेपरला मुलीने मध्येच विचारलं, "ताई, किती ओळी झाल्या?" पान किती भरलं ते तिला दिसत नाही, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

आबा_सातारकर: दहावी-बारावीला लेखनिक खालच्या इयत्तेतला लागतो. ही कशी बसणार? शिवाय पेपर आठवड्याच्या मधल्या वारी.

मुक्ता_क: आबा, हे बरोबर आहे तुमचं. पण वर्षभर पुस्तकं वाचून दाखवायला इयत्तेची अट नाही, आणि माणसं तिथेच कमी पडतात.

डोंगरकडा: चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला जा, मे महिन्यात श्रमसंस्कार छावणी असते. बाबा आमट्यांनी सुरू केलेली. आयुष्य बदलतं.

रानवारा: छान असते, मीही गेलोय. पण ती आठवडाभराची, हिला दर आठवड्याचं हवंय.

सई_प: जुने स्वेटर आहेत, कोण घेईल?

डोंगरकडा: वेगळा धागा काढा ना.

पाऊलवाट: मुक्ताताई, वाचायला कुठे जाता? रविवारी आले तर चालेल?

मुक्ता_क: व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. दहाला ये. इतिहासाचं पुस्तक निम्मं राहिलंय. पाण्याची बाटली आण, घसा कोरडा पडतो.